अवधान कोणाच्या स्वाधीन?



भावार्थदीपिकेच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानोबाराय श्रोत्यांजवळ एक मागणे करतात. द्रव्य नव्हे, मान नव्हे, दक्षिणा नव्हे; अवधान मागतात. बाकीचे सर्व ते स्वतःच द्यायला बसलेले आहेत. पण एवढी एक वस्तू श्रोत्याची श्रोत्यानेच द्यायची असते.

आता मागणाऱ्याने मागितले खरे, परंतु देणाऱ्याच्या गाठीला ती वस्तू आहे का? कोणी शंभर रुपये मागितले तर खिसा चाचपून आहेत की नाहीत ते सांगता येते. अवधान मागितले म्हणजे आपण लगेच मान हलवतो, मांडी सावरून बसतो, आणि दुसऱ्या चरणाला मन कापसाच्या भावाकडे गेलेले असते. केव्हा गेले ते कळले नाही. परत आले तेव्हा कळले. म्हणजे जाताना ते आपल्याला विचारून गेले नाही. मग ज्याला आपण 'माझे मन' म्हणतो, ते माझे कोणत्या अर्थाने?

पुष्कळ माळकरी मंडळी कीर्तन आटोपल्यावर ही गोष्ट विचारतात, आणि विचारताना त्यांचा आवाज खाली गेलेला असतो. "महाराज, तीस वर्षे गळ्यात माळ आहे. एकादशी चुकली नाही, वारी चुकली नाही. पण तोंड हरिपाठ म्हणते आणि मन घरच्या कर्जाचा हिशेब करते. हे देवाला फसवणेच नव्हे का? असल्या जपापेक्षा माळ उतरवून ठेवलेली काय वाईट?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विचारणारा खरा आहे म्हणून विचारतो. ढोंग्याला तो पडतच नाही. आणि उत्तर चुकीचे मिळाले, तर एक तर हा मनुष्य माळ काढून ठेवील, किंवा 'चालायचेच' असे म्हणून उरलेले आयुष्य नुसते ओठ हलवीत बसेल. दोहोंत हानीच आहे. तेव्हा आज या प्रश्नाचा थोडा मुळापासून विचार करू.

प्रथम अवधान म्हणजे काय ते पाहा. डोळे उघडे असले की दिसते आणि कान शाबूत असले की ऐकू येते, अशी आपली समजूत. बृहदारण्यक उपनिषदाने ती फार पूर्वीच मोडून टाकली. मन अन्यत्र असेल तर समोरची वस्तू दिसत नाही आणि कानावर आलेला शब्द ऐकू येत नाही. तेव्हा पाहणारे आणि ऐकणारे ते मनच, असा निर्णय तेथे दिलेला आहे. नैयायिक त्याच्याही पुढे गेले. त्यांनी मन अणुपरिमाण मानले. मन इतके सूक्ष्म, की एका क्षणी एकाच इंद्रियाशी त्याचा संयोग होतो. म्हणून दोन ज्ञाने एकदम होत नाहीत. पाठशाळेत हे घोकताना ती नुसती शास्त्रार्थाची कसरत वाटते. पण प्रयोग करून पाहणाऱ्यांनाही याच्या जवळचेच काही आढळले आहे.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात सायमन्स आणि शाब्री या दोघांनी केलेला एक प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली. काही खेळाडू एकमेकांकडे चेंडू टाकत आहेत. त्यांतील पांढऱ्या सदऱ्यांच्या खेळाडूंनी चेंडू किती वेळा दिला घेतला, एवढेच मोजायचे. मध्येच गोरिला वानराचा वेष घेतलेले एक माणूस खेळाडूंच्या मधोमध आले, थांबले, छाती बडवली आणि निघून गेले. नंतर विचारले, काही वेगळे पाहिले का? सुमारे निम्म्या लोकांना तो वानर दिसलाच नव्हता! डोळे उघडे, उजेड भरपूर, वस्तू समोर. आणि दर्शन नाही. का? तर अवधान मोजणीत गुंतलेले. पंढरीत दर्शनबारीत तासन् तास उभे राहून गाभाऱ्यात पोचल्यावर ज्याचे मन बाहेर सोडलेल्या चपलांत असते, त्याचे असेच होते. विटेवरचा समोर असतो. हा मात्र चपला पाहून परत येतो.

असो. आता मुख्य प्रश्न. मन एका वेळी एकाच जागी बसणारे. मग त्याने कोठे बसावे हे ठरवतो कोण?

आपण म्हणू, 'मी ठरवतो.' काही अंशी खरे आहे. मी ठरवले की पोथी उघडायची, तर हात पोथीकडे जातो. पण सगळे तसे नाही. आई दिवसभराची दमून झोपली आहे. दारावरून वरात वाजत जाते, तिची झोप मोडत नाही. पाळण्यातले मूल नुसते कुरकुरले की ती उठून बसते. झोपेत हे कोणी ठरवले? वाखरीच्या तळावर पालख्या एकत्र येतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ असतो, आणि चुकलेला एखादा म्हातारा त्या कल्लोळातून आपल्या दिंडीची चाल बरोबर ओळखून काढतो. इतके आवाज त्याने एकेक करून तपासले का? नाही. त्याच्या आत कोणीतरी तपासले आणि त्याला हाक मारली, 'ती बघ, आपली दिंडी.'

इंग्लंडात नेव्हिल मोरे या संशोधकाने १९५९ साली याची परीक्षा घेतली. माणसाच्या दोन कानांत दोन निरनिराळी भाषणे सोडायची आणि सांगायचे की एका कानातले शब्द मोठ्याने म्हणत जा. दुसऱ्या कानात काय चालले होते ते विचारल्यावर लोकांना जवळजवळ काहीच सांगता येईना. तेच ते शब्द पुनःपुन्हा ऐकवले होते तरी येईना. पण त्या न ऐकलेल्या कानात त्या माणसाचे स्वतःचे नाव उच्चारले, तर सुमारे एक तृतीयांश वेळा ते त्याला ऐकू आले. पाहा बरे, जो कान ऐकत नव्हता तो नाव आल्याबरोबर ऐकू लागला! म्हणजे ऐकत नव्हता असे नाही. आत कोणीतरी ऐकत होते. वर कळवत मात्र नव्हते.

येथे एक दृष्टांत घेऊ. मोठा वाडा आहे. धनी माडीवर बसलेला आहे. खाली देवडीवर दारवान आहे. दिवसभर शेकडो लोक दाराशी येतात. कोणाला वर सोडायचे आणि कोणाला परत लावायचे हे दारवान ठरवतो. धन्याला वाटते, 'मला भेटायला एवढेच लोक आले.' धनी म्हणजे आपले जागे मन, ज्याला आपण 'मी' म्हणतो ते. दारवान म्हणजे त्याच्या खाली चालणारे, आपल्याला न दिसणारे मन. आजचे लोक त्याला अबोध मन म्हणतात. व्हिएन्नाच्या फ्रॉइड या वैद्याने त्याच्यात मुख्यत्वे दडपलेल्या वासना पाहिल्या. आपण येथे तेवढ्याच संकुचित अर्थाने घेत नाही. आपल्या शास्त्रांत याला चित्तातील संस्कारांचा साठा म्हटले आहे, आणि त्यात वाईट तसे चांगलेही साठते.

दारवान मनाला येईल तसे करतो का? नाही. त्याच्याजवळ एक यादी आहे. धनी ज्याच्याशी पुनःपुन्हा बोलला, ज्याच्यासाठी पुनःपुन्हा उठून उभा राहिला, त्याचे नाव त्या यादीत चढलेले आहे. म्हणजे यादी दारवानाच्या हातात खरी, पण ती लिहिली धन्याने! आज अवधान कोठे जावे हे खालचा ठरवतो. पण खालच्याने काय ठरवावे हे कालच्या अवधानाने ठरवून ठेवले आहे. सज्जनहो, आजच्या सगळ्या विषयाचे मर्म एवढेच आहे.

हे संस्कार कसे काम करतात? अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात, जो आम्हां विद्यार्थ्यांचा न्यायातला पहिला ग्रंथ, संस्काराचे तीन प्रकार सांगितले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग म्हणजे हातातून सुटलेला दगड ज्याने पुढे जात राहतो तो. ग्रंथकारांनी वेग मनाच्या ठिकाणीही मानलेला आहे, हे लक्षात ठेवा. भावना म्हणजे अनुभवाने उमटलेली आणि पुढे आठवण उत्पन्न करणारी छाप. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली वस्तू पुन्हा पूर्वीच्या आकाराला नेणारा; गुंडाळून ठेवलेली चटई उलगडली तरी सोडल्याबरोबर पुन्हा गुंडाळते, तो. हा तिसरा ग्रंथात चटईसारख्या पदार्थांचा सांगितला आहे. मी दृष्टांतापुरता मनाला लावतो.

आता हरिपाठाला बसलेल्या माणसाकडे पाहा. बाजारातून आला, पाय धुतले, टाळ घेतला. शरीर बसले, मन अजून बाजाराच्या वेगात आहे. चार-दोन चरण गेले, वेग थोडा ओसरला. तेवढ्यात पानात एक शब्द आला, त्यावरून एक आठवण उठली, ही भावना. तिला बाजूला सारून मन देवाकडे लावले, हात जरा ढिला पडला, की चटई गुंडाळली. मन कर्जाच्या हिशेबात. हा स्थितिस्थापक. पतंजली महर्षींनी कैवल्यपादात हेच सांगितले, की अवधानात जेथे छिद्र पडते तेथून जुन्या संस्कारांचे विचार वर येतात. तेव्हा मन पळाले म्हणजे देव कोपला असे नव्हे, आणि आपण पापी आहोत असेही नव्हे. चटई जितके दिवस गुंडाळलेली होती तितक्या जोराने ती परत वळते, एवढेच.

आणि ही अवस्था आपली एकट्याची नाही. २०१० साली अमेरिकेतून एक पाहणी प्रसिद्ध झाली. सुमारे २,२५० प्रौढ माणसांना दिवसातून वेळी-अवेळी मोबाईलवरून विचारले, की आता काय करीत आहात आणि मन त्यातच आहे का? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते. म्हणजे मनुष्य जागेपणाचा अर्ध्याच्या आसपास काळ दुसरीकडेच असतो. अर्जुनासारखा लक्ष्यवेधी धनुर्धर. त्यानेसुद्धा सहाव्या अध्यायात भगवंतांपुढे हीच तक्रार केली, की मन आवरणे वारा आवरण्यासारखे आहे. भगवंतांनी त्याला 'छे, सोपे आहे' असे म्हटले नाही. कठीण आहे हे मान्य केले, आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय दिले. योगसूत्रांतही हीच जोडी आहे.

आता अभ्यास म्हणजे काय? मन जाऊच न देणे म्हणजे अभ्यास, असे आपण धरून चालतो आणि तेथे फसतो. गीतेतला अभ्यास म्हणजे मन ज्या ज्या वाटेने जाईल त्या त्या वाटेवरून त्याला परत आणणे. जाणे गृहीतच धरलेले आहे! विल्यम जेम्स नावाचा एक थोर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होऊन गेला. १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने म्हटले आहे, की भटकलेले अवधान पुनःपुन्हा परत आणण्याची शक्ती हेच विवेकाचे आणि शीलाचे मूळ; ती शक्ती वाढवणारे शिक्षण तेच उत्तम शिक्षण. मात्र ते प्रत्यक्षात कसे द्यावे हे सांगणे अवघड, असेही त्याने लिहून ठेवले. आपल्याकडे संतांनी त्यासाठी हातात माळ दिली. एकशे आठ मणी म्हणजे परत येण्याच्या एकशे आठ जागा.

आता त्या माळकऱ्याला उत्तर देऊ. माउली, मन हिशेबात गेले होते हे तुम्हांला कळले ना? ते कसे कळले, याचा विचार केलात? मन भटकलेले असते तेव्हा 'मी भटकलो आहे' हे ज्ञान नसते. दोन ज्ञाने एकदम होत नाहीत. मग मध्येच हाक कोणी मारली? जाग्या मनाने नाही. ते तर हिशेबात बुडालेले होते. हाक खालून आली. त्या दारवानाने येऊन सांगितले, 'धनी, हरिपाठ चालू आहे.' त्याला हे सांगण्याची बुद्धी कोणी दिली? तुमच्या तीस वर्षांच्या माळेने. ज्याने कधी माळ धरली नाही, त्याचे मन कर्जात गेले की तेथेच राहते. आपण कोठून निघालो याची त्याला टोचणीही नसते. तुम्हांला टोचते, ही तुमची कमाई आहे. यादीत विठोबाचे नाव चढलेले आहे याचा तो पुरावा आहे. आणि तुम्ही म्हणता, माळ उतरवू का? पीक कणसावर आल्यावर कोणी शेत सोडून जातो का?

हे झाले समाधान. पण येथे थांबलो तर अर्धेच सांगितले असे होईल. कारण या नियमाला दुसरी बाजू आहे, आणि ती धोक्याची आहे.

कोणतीही क्रिया पुनःपुन्हा केली म्हणजे ती जाग्या मनाकडून खालच्या मनाकडे जाते. पखवाज शिकणारा मुलगा पाहा. पहिली दोन वर्षे त्याचे डोळे स्वतःच्या बोटांवर असतात. 'धा' कोठे, 'ता' कोठे, यातच सगळे अवधान खर्च होते. अभंग कोणता चालला आहे याचाही त्याला पत्ता नसतो. पुढे बोटे तयार होतात. मग त्याला बोटांकडे पाहावे लागत नाही. अवधान मोकळे झाले. त्या मोकळ्या अवधानाचे काय होते, यावर तो कसा वाजवणारा होणार हे ठरते. एक मृदंगी ते मोकळे अवधान बुवांच्या मुखाकडे लावतो. बुवांचा श्वास ओळखतो, चाल वाढणार की थांबणार हे आधी जाणतो, आणि त्याचा हात म्हणजे जणू कीर्तनाचाच हात होतो. दुसरा मृदंगी, बोटे तितकीच तयार, पण मोकळे अवधान मंडपात कोण आले कोण गेले हे पाहण्यात घालवतो. ठेका दोघांचा बरोबर. कीर्तन मात्र एकाच्याच वाट्याला आले.

हरिपाठाचे हेच आहे. पाठ झाला नव्हता तेव्हा शब्द आठवण्यात अवधान लागत होते. पाठ झाला, ओठ आपोआप चालू लागले, जागे मन रिकामे झाले. ही संतांनी आपल्याला दिलेली सवड आहे. शब्द सांभाळण्याचे काम खालच्या मनाने उचलले, ते कशासाठी? वरच्याला अर्थाकडे जाता यावे म्हणून. पतंजलींनी समाधिपादात जप सांगितला तो एकटा सांगितला नाही. जप आणि त्याच्या अर्थाचे चिंतन अशी जोडी सांगितली. पण मिळालेली सवड आपण अर्थाकडे न नेता हिशेबाकडे नेली, तर पाठांतर हीच भटकण्याची सोय होते. म्हणून त्या माळकऱ्याला जसे 'माळ काढू नका' म्हणायचे, तसेच 'ओठ चालतात एवढ्यावर समाधान मानू नका' असेही म्हणायचे. ओठ खालच्याला द्या. रिकामे झालेले अवधान त्याला द्या, ज्याचे नाव ओठांवर आहे.

कोणी म्हणेल, महाराज, द्यायचे ठरवले तरी काळजी देऊ देत नाही. बरोबर आहे. काळजीविषयी आपल्या वारीतच एक उत्तम शिकवण आहे. माउलींच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरती होते. सगळ्या दिंड्यांचे टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंच करतात आणि क्षणात सर्वत्र शांतता होते. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असली तर तिचे टाळ थांबत नाहीत. ते वाजतच राहतात. मग चोपदार काय करतात? त्या दिंडीवर दंड उगारतात का? नाही. तिकडे जातात, तक्रार ऐकून घेतात, तिची दाद लावतात. मग ते टाळ थांबतात, आणि आरती होते.

मनात असेच आहे. हरिपाठाला बसलो, सगळे शांत झाले, आणि एकच काळजी टाळ वाजवीत राहिली. ब्ल्यूमा झाइगार्निक या विदुषीने बर्लिनमध्ये प्रयोग करून १९२७ साली दाखवले, की पुरे झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेले काम मनात अधिक टिकते. पुढच्या सगळ्या परीक्षकांना हा अनुभव सारखाच आला असे नाही. पण अपुरे काम मनाला टोचत राहते हे आपण रोज अनुभवतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या काही प्रयोगांत असे दिसले, की ते काम पुरे झाले नसले तरी केव्हा आणि कसे करायचे एवढे नक्की ठरवले, तरी त्याची टोचणी कमी होते. म्हणजे तक्रारीची दाद लागली! तेव्हा काळजीला दटावू नका. हरिपाठापूर्वी घटकाभर तिचे ऐका. 'कर्जाच्या हप्त्यासाठी मंगळवारी बँकेत जायचे, मुलाला बरोबर न्यायचे,' असे नक्की करा, हवे तर कागदावर लिहा, आणि तो कागद पोथीपासून दूर ठेवून बसा. काळजी संपणार नाही. पण तिचे टाळ थांबतील.

दुसरा उपाय वैराग्य. त्याचा अर्थ घर सोडून जाणे असा येथे नाही. दारवानाच्या यादीत नवी फालतू नावे न चढवणे, एवढे वैराग्य संसाऱ्याला पुरे आहे. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. तो वाईट असे मी म्हणत नाही. वारीत चुकलेली माणसे त्याच्यामुळे सापडतात, आजाऱ्याला वैद्य मिळतो. पण तो टुण् वाजला की आपण हातातले टाकून उठतो. दिवसातून जितक्या वेळा उठलो तितक्या वेळा दारवानाला आपण सांगितले, 'हा आला की मला लगेच कळवत जा.' तो आज्ञाधारक आहे. पुढे वस्तू वाजली नाही तरी हात आपोआप खिशाकडे जातो. मग आपण आश्चर्य करतो की हरिपाठात मन का लागत नाही! ज्याच्यासाठी शंभरदा उठलात त्याचे नाव वर, आणि ज्याच्यासाठी सायंकाळी एकदा बसलात त्याचे खाली, यात दारवानाचा काय अपराध?

आता शेवटची गोष्ट, आणि ती सर्वांत गंभीर आहे. हे सगळे कशासाठी करायचे? हरिपाठ नीटनेटका व्हावा एवढ्यासाठीच का? म्हातारपणी माडीवरचा धनी थकतो. काहींना स्मृतिभ्रंशाचा विकार जडतो. आजचे वैद्य त्याच्या एका प्रकाराला अल्झायमर म्हणतात. त्यात नव्या आठवणी आधी जातात. सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पुढे पोटच्या लेकराचे नाव आठवत नाही. परंतु वैद्यांना असे आढळले आहे, की लहानपणापासून गाइलेली गाणी आणि हातात मुरलेल्या क्रिया पुष्कळदा फार उशिरापर्यंत टिकतात. आपल्या गावागावांत अशा आजीबाई आहेत. सुनेला 'तू कोण गं बाई?' असे विचारतात, आणि देवळात टाळ सुरू झाला की हात बरोबर टाळीवर येतो, ओठ बरोबर अभंगावर येतात. धनी माडी सोडून गेला. दारवान अजून देवडीवर उभा आहे, आणि यादीतले सगळ्यात जुने नाव घेतो आहे.

येथे कोणी गैरसमज करून घेऊ नये. विकार हा विकार आहे; कोणाच्या भक्तीचे माप त्याच्या आजारपणावरून करायचे नसते, आणि ज्याला काहीच आठवेनासे झाले त्यालाही विठोबा विसरत नाही. पण आठव्या अध्यायात भगवंत अंतकाळच्या स्मरणाविषयी बोलतात, तेव्हा ज्या भावाने मनुष्य जन्मभर भरून गेला तोच भाव शेवटी पुढे येतो असे सांगतात. अंतकाळी जागे मन आज्ञा देऊ शकेल याचा भरवसा नाही. त्या वेळी वर तेच येईल, जे खाली साठवले असेल. म्हणून साठवण्याचा काळ हा आजचा आहे; आणि साठवण अवधानानेच होते.

तेव्हा नित्यासाठी थोडे नियम सांगतो. चार दिवस करून पाहा. हरिपाठाची वेळ आणि जागा एकच ठेवा. वेळ झाली, जागी बसलो, की दारवानाला कळते आज कोण येणार. बसण्यापूर्वी थोडे स्वस्थ राहा, बाजाराचा वेग ओसरू द्या. काळजीची दाद आधी लावा. मेरुमणी हाताला लागला की एक क्षण थांबून स्वतःचाच आवाज ऐका, नाव कोणाचे घेतो आहोत ते आठवा. सगळ्या हरिपाठाचा अर्थ एका दिवसात मनात धरू नका. आज एक चरण घ्या, त्याच्या अर्थावर मोकळे अवधान ठेवा, उद्या पुढचा. आणि मन गेले असे कळले की स्वतःला शिव्या देत बसू नका. तो आणखी एक फेरफटकाच होतो. हातातल्या मण्यावर परत या. पतंजलींनी अभ्यासाला तीन अटी घातल्या आहेत: दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने. पहिल्या दोन आपली वारकरी मंडळी सहज पाळतात. तिसरी राहून जाते. आदर म्हणजे त्या क्षणी दुसरे काही त्याच्याहून मोठे न मानणे. आणि तेच अवधान.

अवधान आपल्या स्वाधीन आहे का, हा प्रश्न आपण धरला होता. या क्षणाचे पुरते स्वाधीन नाही. उद्याचे मात्र आजच्या हाती आहे. मन शंभरदा जाईल, तर एकशे एकदा आणू. आणता आणता आणण्याचीच सवय खाली मुरेल, आणि एक दिवस असा येईल, की आपण हिशेबाला बसलो असता मन आपल्याला न विचारता पंढरीला गेलेले असेल. तसे भटकणे पांडुरंग आपणां सर्वांना देवो.

रामकृष्ण हरि.